आठव्या दगडाची जागा

ताईचं दुकान महाविद्यालयाच्या फाटकासमोर होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल आणि जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं हवी असतील तर एक दिवस जास्त. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की मुलं रडवेल्या चेहऱ्यानं दारात उभी राहायची, "ताई, उद्या अकराला द्यायचाय," म्हणायची, आणि ताई जमवून द्यायची. बेडकांचं पचन, करारांचा कायदा, भिंतींना येणारी ओल, काय काय तिच्या हाताखालून गेलं होतं. नव्हता बांधून झाला तो एकच, तिच्या स्वतःच्या वडिलांचा अहवाल. तो एकतीस वर्षं अडला होता.

वडील दुकानाच्या वरच्याच खोल्यांत राहायचे. सगळे त्यांना सर म्हणत. ताईचं लग्न मोडलं तेव्हा ती दोन बॅगा घेऊन त्यांच्याकडे आली. पुढे आई गेली, आणि घरात दोघंच उरली. दोघं आणि त्रेचाळीस खोकी. खोक्यांवर सरांच्या अक्षरात "माळ" असं लिहिलं होतं आणि पुढे आकडे.

माळ म्हणजे गावाच्या वरचा, तासाभराच्या चढावरचा उंच, उघडा प्रदेश. झाड नाही, घर नाही, खरबरीत गवत, काळा चिखल आणि वारा. त्या माळावर बारा उभ्या दगडांचं एक रिंगण आहे. रिंगणाच्या मधोमध, जमिनीत चार फरशा उभ्या करून केलेली एक पेटी. तीन-चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस जाळून, त्याची हाडं गोळा करून, एका काळ्या मडक्यासोबत त्या पेटीत ठेवली होती. सरांनी तीन हंगाम तिथं उत्खनन केलं. मडकं संग्रहालयात गेलं, हाडं तपासायला गेली, सरांचा फोटो छापून आला. राहिला तो अहवाल.

"खणणं म्हणजे पुस्तकाचं एकेक पान वाचायचं आणि जाळायचं," सर वर्गात सांगायचे. "वाचलं ते लिहून ठेवलं नाही, तर तुम्ही फक्त जाळपोळ केलीत." हे वाक्य त्यांच्या दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ होतं, आणि सरांच्या पाठीमागे ती मुलं ते वाक्य कुणाला उद्देशून म्हणत, हेही ताईला ठाऊक होतं.

बरं, सर आळशी म्हणावेत तर तसंही नाही. रोज सकाळी नऊला टेबलाशी बसायचे. पहिलं प्रकरण, माळाची भूरचना, त्यांनी अकरा वेळा नव्यानं लिहिलं होतं. पाच प्रकरणं तयार होती. घोडं अडायचं सहाव्यावर. सहाव्याचं नाव होतं "पडलेल्या दगडाची पुनःस्थापना". रिंगणातला आठवा दगड शतकानुशतकं आडवा पडलेला होता, तो सरांनी तिसऱ्या हंगामात उभा केला. आज जगभर त्या रिंगणाचा जो फोटो दिसतो तो त्याच दगडाचा. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य बरोब्बर सातव्या आणि आठव्या दगडांच्या फटीतून उगवतो. हे शोधून काढलं दुसऱ्याच एका प्राध्यापकानं. त्याला सगळे सूर्यवाले म्हणत. त्या फटीवर त्याचं पुस्तक आलं, पुरातत्त्व खात्याच्या बोधचिन्हावर ती फट आली, माळावर माहितीचा फलक लागला. दर वर्षी पाच-सहाशे लोक पहाटे तिथं जाऊन उभे राहू लागले.

मग एक दिवस खात्यातून फोन आला. फोनवर संचालकबाई होत्या, सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"ताई, सर फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला केला. रखडलेल्या सगळ्या अहवालांची यादी निघालीय. सरांचं नाव सगळ्यांत वर आहे. तीस तारखेपर्यंत अहवाल आला नाही तर खोकी आमच्या ताब्यात घ्यावी लागतील. मग दुसरं कुणीतरी लिहील."

"दुसरं कोण?"

"सूर्यवाले सर तयार आहेत."

ताई वर गेली तेव्हा सर पहिल्या प्रकरणात स्वल्पविराम बदलत होते.

"बाबा, बावीस दिवस आहेत. सहावं प्रकरण सांगा, मी टाइप करते. दोन पानांचं असलं तरी चालेल."

"पाहू."

"पाहू नाही. आत्ता. दगड किती उंच? कशानं उचलला? खड्डा कुठं होता?"

"मापं तपासावी लागतील."

"एकतीस वर्षं तपासताय! मापं वाढतायत का रात्रीतून?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझ्या यंत्रातून कागद निघतो तसा अहवाल निघत नाही," ते म्हणाले.

ताईचं डोकं फिरलं. गेली सोळा वर्षं ती हेच ऐकत होती. आई असताना आईशीही हाच संवाद व्हायचा, फक्त तेव्हा ताई बाजूच्या खोलीत असायची. ती खोक्यांकडे वळली आणि तिसऱ्या हंगामाच्या वह्या काढून जमिनीवर मांडू लागली. सर ओरडले, "क्रम बिघडवू नकोस." तिनं ऐकलं नाही. वह्या रोजच्या रोज लिहिलेल्या होत्या, अगदी पावसानं काम बंद पडलं त्या दिवसाचीसुद्धा नोंद होती. शेवटच्या दिवसाचं पान मात्र कोरं होतं. वर तारीख, खाली काही नाही.

"हे काय?"

सर उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पाणी इथंच मुरतंय, हे ताईच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ती मुकादमांकडे गेली. मुकादम म्हणजे उत्खननावरच्या मजुरांचा मुख्य. आता ऐंशीला टेकलेला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत सुनेजवळ राहणारा. तो खिडकीत बसून नखं कापत होता. ताईला पाहून त्यानं पाय खाली घेतले.

"सर बरे आहेत ना?"

"बरे आहेत. काका, मला एकच सांगा. आठवा दगड उभा केला त्या दिवशी काय झालं?"

मुकादमानं नखं कापायची कात्री मिटली.

"सरांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमच्याकडे आले असते का?"

"मग मी कसं सांगू?"

"काका, बावीसातले एकवीस दिवस राहिलेत. नंतर दुसराच माणूस लिहिणार आहे, आणि तो काय वाटेल ते लिहील."

हे ऐकल्यावर मुकादम बोलला. एकदा सुरू झाल्यावर मात्र थांबेना.

दगड उचलायला लोखंडी तिपाई आणि साखळीची पुली भाड्यानं आणली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायची होती. दगडाचा मूळ खड्डा सापडलेला होता. आत पाचरीसारखे बसवलेले बारके दगड होते, शंकेला जागाच नव्हती. त्याच्या डाव्या हाताला चार फुटांवर सरांनीच दोन महिन्यांपूर्वी एक चाचणी खड्डा घेतला होता, खाली काही आहे का बघायला. काहीच निघालं नव्हतं. दगड उचलला, हवेत आला, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. साखळी घसरली. दगड फिरला, चिखलावरून सरकला आणि धप्पकन त्या चाचणी खड्ड्यात जाऊन बसला.

"सरळ उभा!" मुकादम म्हणाला. "हातानं बसवला असता तर इतका सरळ बसला नसता. आम्ही सगळे बघतच राहिलो. सर म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी काढून नीट बसवू. दोन्ही खड्डे बुजवून टाकले. कॅमेऱ्यात पाणी गेलं होतं, त्या दिवसाचा एकही फोटो आला नाही. पुढच्या वर्षी परवानगीच मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते सूर्याचं निघालं."

"म्हणजे ती फट..."

"ती फट त्या साखळीनं केलेली आहे, बाई."

ताईला आधी हसू आलं. जिन्यावर येईपर्यंत ते गेलं आणि राग आला, असा की सायकलवाल्यानं "बरं आहे ना ताई?" असं विचारलं तरी ती न थांबता तशीच पुढे गेली.

घरी सर भाजी निवडत बसले होते. ताई समोर उभी राहिली.

"मुकादम काकांनी सांगितलं."

सरांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"बोला ना बाबा!"

"काय बोलू? आता कळलंय तुला."

"तुम्ही एवढंच सांगायचं होतंत! दगड घसरला. घसरतो! पाऊस होता, घसरला. त्यात काय लाज?"

"पहिल्या वर्षी काही लाज नव्हती," सर म्हणाले. "पहिल्या वर्षी ती नुसती चूक होती. मग त्यानं भाषण दिलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यानं मला मंचावर बोलावलं, म्हणाला, यांनी दगड उभा केला नसता तर हे कळलंच नसतं. मी हात जोडले. तिथंच बोलायला हवं होतं. तिथं नाही बोललो, मग पुढच्या महिन्यात कसं बोलणार? पुढच्या वर्षी? दर वर्षी माझ्या नुसत्या गप्प बसण्यानं ते मोठं होत गेलं."

"आणि आई? तिला माहीत होतं?"

"नाही."

"ती शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली, ते फार बारकाईनं काम करतात म्हणून वेळ लागतोय."

ताईनं त्यांच्या हातातली भाजी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "खाली चला दुकानात. कंप्युटर सुरू आहे. तुम्ही सांगा, मी टाइप करते. आज नाही तर मी आयुष्यात परत विचारणार नाही."

ते लगेच उठले नाहीत. ताई दारात उभी राहिली. पाच मिनिटांनी ते उठले, चप्पल घातली आणि तिच्या मागून जिना उतरले.

सहावं प्रकरण दीड तासात झालं. साडेचार पानं. एकतीस वर्षांचं काम दीड तासाचं होतं, याचा ताईला इतका संताप आला की टाइप करताना दोनदा तिची बोटं चुकली. सर मात्र भराभर सांगत होते, मापांसकट, एकही कागद न बघता. चाचणी खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. मूळ खड्ड्याचं अंतर. शेवटचं वाक्य असं होतं: "सध्याची जागा चुकीची असून तिची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे." ते सांगून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

ताईनं अहवाल स्वतः बांधला. तारखेच्या तीन दिवस आधी ती तो खात्यात देऊन आली, पोच घेतली आणि घरी येऊन आडवी झाली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अहवाल स्वीकारला होता, पाच प्रकरणांपर्यंत. सहाव्या प्रकरणावर समितीचं मत असं होतं की त्यातल्या दाव्याला कोणताही छायाचित्रित किंवा लेखी पुरावा नाही. तो तीन दशकांनंतर, केवळ स्मरणावर आणि वयोवृद्ध अवस्थेत केलेला आहे. सूर्योदयाशी जुळणारी रचना योगायोगानं होणं संभवत नाही. सबब हे प्रकरण वगळून अहवाल छापावा. समितीच्या अध्यक्षांची सही ओळखीची होती. सूर्यवाले.

सरांनी पत्र दोनदा वाचलं.

"वयोवृद्ध अवस्थेत," ते म्हणाले. "म्हणजे माझं डोकं फिरलंय असं म्हणतायत ते."

"सभ्य भाषेत."

"मी केलेली चूक मी केली नाही, असं हे मला सांगणार?" सर उभेच राहिले. इतक्या वर्षांत ताईनं त्यांना असं तावातावानं बोलताना पाहिलं नव्हतं. "तिथं फूटभर खणलं तरी दिसेल! माझ्या खड्ड्याच्या कडा सरळ आहेत, फावड्यानं कापलेल्या. चार हजार वर्षांपूर्वी फावडं होतं का?"

मग अर्ज सुरू झाले. पहिला अर्ज: दगडाच्या बुंध्याशी फूटभर माती काढून बघू द्यावी. उत्तर: स्मारक संरक्षित असल्यानं खोदकामास मनाई आहे. दुसरा अर्ज: मग खात्यानंच बघावं. उत्तर नाही. तिसरा: उत्तर का नाही? त्याला उत्तर आलं की पहिल्या अर्जाचं उत्तर पाहावं. ताई खात्यात तीन वेळा जाऊन आली. एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे, आणि तिसरीचे साहेब जेवायला. संचालकबाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "मला पटतंय हो. पण माझ्या पटण्यावर फलक बदलता येत नाही. कागदावर काहीतरी द्या."

"कागदच तर दिला होता!"

चौथ्या अर्जात ताईनं नवी युक्ती केली. तिनं लिहिलं की दगड भुसभुशीत भरावात उभा आहे, तो मूळ जागी नाही, आणि त्यामुळे तो झुकत चालला आहे. तिला वाटलं, धोका म्हटला की कुणीतरी हलेल.

हललं. पंधरा दिवसांत हललं. त्या सगळ्या अर्जातला "झुकत चालला आहे" एवढाच भाग कुणीतरी वाचला होता. संचालकबाईंचा सकाळी साडेआठला फोन आला, आवाज दबका. "ताई, बांधकाम विभागानं परस्पर काम काढलंय. आज बुंध्याशी काँक्रीट ओतणार आहेत. मला आत्ता कळलं. माझ्या अखत्यारीत नाही ते."

ताईनं दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर पुन्हा खाली ओढलं. सरांना स्वेटर घालायला लावलं, वाटेत मुकादमाला गाडीत घेतलं. मुकादमानं उत्खननाच्या वेळची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी जपून ठेवली होती, ती गाडीत मावेना म्हणून खिडकीतून बाहेर काढून धरली. चढावर गाडी दोनदा तापली. सर सगळा वेळ घड्याळ बघत होते.

माळावर ते पोचले तेव्हा पिवळ्या टोप्या घातलेली माणसं आठव्या दगडाभोवती उभी होती. लाकडी टेकू लावून दगड धरला होता आणि बुंध्याभोवतीची माती गुडघाभर काढली होती. बाजूला मिक्सर घरघरत होता. एक इंजिनियर फोनवर बोलत होता.

सर रिंगणात शिरले आणि काढलेल्या मातीच्या काठावर गुडघ्यांवर बसले.

"ताई," त्यांनी हाक मारली. ते तिला नेहमी नावानं हाक मारत. त्या दिवशी दुकानातल्या मुलांसारखे ताई म्हणाले. "इकडे ये. बघ."

खड्ड्याची आतली बाजू सरळसोट खाली गेली होती आणि कोपरा काटकोनात होता, खोक्यासारखा. काळ्या मातीवर फावड्याच्या पात्याच्या खुणा एकाखाली एक उमटलेल्या होत्या, कालच मारल्यासारख्या.

इंजिनियर आला. "आजोबा, मागे व्हा. साइट आहे ही."

"काम थांबवा," ताई म्हणाली. "हा पुरावा आहे. आम्हाला फोटो घ्यायचेत, मापं घ्यायचीत. खात्याला कळवायचंय."

"बांधकाम विभागाचं पत्र आहे माझ्याकडे. मिक्सर फिरतोय, माल तयार आहे. थांबलो तर घट्ट होईल."

"अर्धा तास!"

"बाई, मला चारच्या आत खाली उतरायचंय. धुकं आलं की गाडी अडकते."

खड्ड्याच्या पलीकडे एक गवंडी थापी घेऊन उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. तो इतका वेळ खड्ड्याच्या कडेकडेच बघत होता.

"हा खड्डा जुना नाही," तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही, असं. "हा फावड्यानं घेतलाय. आणि बुजवलाय घाईघाईनं. दगड सोडला असणार कुणीतरी यात. बसवलेला नाही हा."

सरांनी मान वर केली. "मी सोडला," ते म्हणाले. "मीच. माझी साखळी घसरली."

"हां," गवंडी म्हणाला. "तसंच दिसतंय. वाईट काम आहे."

सरांचा चेहरा असा उजळला की ताईला बघवेना. एकतीस वर्षांत त्यांचं काम वाईट आहे असं सांगणारा पहिला माणूस भेटला होता.

गवंड्यानं थापी खाली ठेवली, उठला आणि हात झटकले. "साहेब, आम्ही सकाळपासून चहा घेतलेला नाही. पोरं काकडलीत. वीस मिनिटं घेतो."

"आत्ता?" इंजिनियर म्हणाला.

"मिक्सर फिरत राहू दे, काही होत नाही मालाला. मला माहीत आहे." आणि तो थर्मास घेऊन सगळ्यांना घेऊन गाडीच्या आडोशाला निघूनही गेला.

त्या वीस मिनिटांत ती तिघं जशी राबली तशी ती कधीच राबली नसतील. मुकादम मोजकाठी खड्ड्यात उभी धरून पुतळ्यासारखा राहिला. सर टेप धरून आकडे ओरडत होते. ताई फोननं फोटो घेत होती, मध्येच आकडे हातावर पेनानं लिहीत होती, कारण वही गाडीत राहिली होती. "उत्तरेची बाजू!" सर ओरडले. "काठी दिसतेय का? काठीशिवाय फोटोला अर्थ नाही!" "दिसतेय हो!" "परत घे!" फोनची बॅटरी नऊवर होती. मग सर उजव्या बाजूला चार फुटांवर गेले आणि लोखंडी सळई मातीत दाबत राहिले. तिसऱ्या वेळी खण्ण आवाज आला, मग बाजूला पुन्हा, मग पुन्हा. पाचरीचे दगड. मूळ जागा. तिथं खणायला वेळ नव्हता, परवानगीही नव्हती. सरांनी नुसता हात टेकवला तिथल्या गवतावर.

बरोबर वीस मिनिटांनी गवंडी परत आला. "झालं?" त्यानं विचारलं. मग त्यानं ताईच्या हाताकडे बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत आकडे होते. त्यानं मान हलवली आणि मिक्सरवाल्याला खूण केली.

काँक्रीट पडायला लागलं. ताई खड्ड्याच्या काठावर उभी राहून बघत होती. फावड्याच्या खुणा एकेक करून बुजल्या. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडावं ते कळेना. इंजिनियर त्याला सांगितलेलं काम करत होता. गवंडी तर उलट उपकार करून बसला होता. अर्ज तिनंच केला होता.

"आता हा कायमचा इथं," ती म्हणाली. "माझ्यामुळे. आतापर्यंत तो निदान काढता तरी आला असता."

"तू अर्ज केला नसतास तर खड्डा उघडलाच नसता," सर म्हणाले.

"हे समाधान आहे?"

"नाही," ते म्हणाले. "पण खरं आहे."

फोटो छापून, मापांसह, ताईनं संचालकबाईंच्या टेबलावर ठेवले. या खेपेला खिडक्यांवर न थांबता ती थेट आत गेली. बाईंनी फावड्याच्या खुणांचा फोटो बराच वेळ बघितला आणि समितीला न विचारता सहावं प्रकरण छापखान्याला पाठवलं. त्यावरून त्यांना नोटीस आली असं नंतर कळलं. अहवाल सहा प्रकरणांसह निघाला. दीडशे प्रती. बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या. सूर्यवाल्यांनी एका मासिकात लिहिलं की आठव्या दगडाच्या जागेबद्दल काही मतभेद आहेत.

फलक बदलला नाही. ताईनं विचारलं तेव्हा उत्तर आलं की फलक नुकताच नवा केला असल्यानं पुढची दहा वर्षं त्याची दुरुस्ती नियमात बसत नाही.

त्या वर्षी सर्वांत मोठ्या दिवशी सर हट्टानं माळावर गेले. ताईलाच न्यावं लागलं. नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. सूर्य फटीतून वर आला, लोकांनी फोन वर केले. सर एका जोडप्याजवळ जाऊन म्हणाले, "हा दगड इथला नाही. चार फूट पलीकडचा आहे. मी चुकून इथं पाडला." बाई हसली, म्हणाली, "काका, आमच्या दोघांचा एक फोटो काढता का?" सरांनी काढला. मग दुसऱ्यांना सांगितलं, मग तिसऱ्यांना. एकानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग सूर्य बरोबर इथूनच कसा येतो?"

"तो कुठून तरी येणारच ना!" ताई मागून ओरडली. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. पहारेकऱ्यानं येऊन, जरा आवाज कमी ठेवा, लोक दुरून आलेत, असं सांगितलं.

ताईनं सरांचा दंड धरला आणि त्यांना गाडीकडे चालवत नेलं. वारा होता, त्यांचं पाऊल नीट पडत नव्हतं. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"कितीजणांना सांगितलं मी?"

"मोजले नाहीत."

"अकरा," सर म्हणाले. "अकराजणांनी ऐकलं."

"एकालाही पटलं नाही, बाबा."

"हो, ते आहे," ते म्हणाले, आणि दम लागला होता म्हणून तिच्या खांद्यावर भार टाकून तिथंच थोडा वेळ उभे राहिले.